ॲनाज हमिंगबर्ड डिसेंबरातही इथेच का असतो?

प्रश्न कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या घरामागच्या फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर, एक इवलासा पक्षी येतो. कधी त्याचं अख्खं डोकं झगझगीत गुलाबी दिसतं, तर पुढच्याच क्षणी काळंकुट्ट. पुण्याहून आलेल्या आई म्हणतात, हा आपला शिंजीरच. शेजारी म्हणतात, हमिंगबर्ड थंडीत मेक्सिकोला जातात, तुम्ही फीडर लावून ठेवलात म्हणून हा अडकला, आता तरी तो काढा. डिसेंबर संपत आलाय आणि जानेवारीत हे कुटुंब महिनाभर पुण्याला जाणार आहे. तर हा पक्षी कोणता आणि फीडरचं काय करायचं?

ताई, आधी कामाचं सांगतो. तुमच्या फीडरमुळे तो अडकलेला नाही. हा ॲनाज हमिंगबर्ड, शास्त्रीय नाव कॅलिप्टी ॲना. तो कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीचा बारमाही रहिवासी आहे. आपण ज्याला हिवाळा म्हणतो, तेच त्याचे विणीचे दिवस. तुमच्या नराने बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच हद्द धरली असेल आणि आसपास कुठेतरी एखादी मादी घरट्याच्या जागेच्या शोधात असेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, म्हणजे बे एरियात, मी बरीच वर्षं पक्षी पाहतोय, जखमी पक्ष्यांच्या एका केंद्रात स्वयंसेवक म्हणूनही जातो. दर हिवाळ्यात हा प्रश्न येतो, आणि नव्याने इकडे आलेल्या मराठी घरांतून तर हमखास येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेजारी खोटं सांगत नाहीत, पण त्यांची माहिती दुसऱ्या पक्ष्याची आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटी करणारा हमिंगबर्ड म्हणजे रुबी-थ्रोटेड. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनकडे तुमचे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे तोच येतो, आणि तो थंडीपूर्वी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे निघून जातो. पश्चिमेकडचा रुफस तर पार अलास्कापर्यंत जाऊन घरटी करतो आणि हिवाळ्याला मेक्सिको गाठतो. पण या स्थलांतर करणाऱ्या जातीही फीडर दिसला म्हणून मुक्काम वाढवत नाहीत. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरातच निघण्याची तयारी सुरू होते, चरबी साठते आणि ते निघतात. ॲनाज हमिंगबर्डला मात्र तसं दूर जायची गरजच नाही, कारण त्याचं वर्ष इथल्या पावसावर बेतलेलं आहे.

ही गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळायला हवी. महाराष्ट्रात सुगरण पावसाळ्यात घरटी विणते, कारण तेव्हाच गवताची लांब पाती मिळतात आणि पुढे पिलांसाठी किडे आणि दाणे. कॅलिफोर्नियात पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा इथला कोरडा, टेकड्या पिवळ्या पडलेल्या. पहिला पाऊस झाला की झुडपं जागी होतात. मांझनिटाला डिसेंबर-जानेवारीतच छोट्या हंड्यांसारखी पांढरी-गुलाबी फुलं येतात, पाठोपाठ रायबीज वंशातली रानटी करंट आणि गूजबेरीची झुडपं फुलतात. त्यातली एक गूजबेरी, रायबीज स्पेशिओसम, लालभडक लोंबत्या फुलांची आहे आणि ॲनाज हमिंगबर्डचं तिच्यावर फार प्रेम. ओलाव्याबरोबर चिलटं आणि बारीक माश्याही वाढतात. पिलं वाढवायला याहून चांगला काळ कुठला?

आता रूप. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सुमारे १० सेंटिमीटर, वजन ३ ते ६ ग्रॅम. हमिंगबर्डांत हा मध्यम बांध्याचा, किंचित जाडसर आणि मोठ्या डोक्याचा. चोच सरळ आणि फार लांब नाही. पाठ हिरवी, पोट राखाडी आणि त्यावर हिरवट छटा. नराचा गळा आणि त्याबरोबर कपाळ, टाळू सगळंच गुलाबी-लाल. अमेरिकेत घरटी करणाऱ्या हमिंगबर्डांत लाल टाळूचा नर हाच एक. तुम्ही ‘अख्खं डोकं गुलाबी’ असं लिहिलंत, तेवढ्यावरूनच ओळख पटली. मादीचं डोकं हिरवंच असतं आणि गळ्याच्या मधोमध लाल ठिपक्यांचा एक छोटा पुंजका असतो. पहिल्या वर्षाचे नर यांच्या मधले दिसतात, डोक्यावर कुठे कुठे गुलाबी पिसं उगवलेली.

काळं आणि गुलाबी हे एकाच पक्ष्याचे रंग कसे, तर त्या पिसांत गुलाबी रंगद्रव्यच नाही. आत मेलॅनिनच्या सूक्ष्म चपट्या चकत्या थरांनी रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांत हवेचे बुडबुडे असतात. प्रकाश या थरांवरून परतताना ठरावीक कोनातच गुलाबी रंग उठतो, बाकी कोनांतून फक्त मेलॅनिनचा काळा दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी समोर असेल तर डोकं पेटल्यासारखं दिसेल. आईंना हे सकाळच्या उन्हात दाखवा. ढगाळ दिवशी पाहिलं तर विश्वासच बसणार नाही.

नर हा रंग नुसता बाळगत नाही, वापरतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या पक्ष्याची सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच आहे आणि ती तुमच्या घरावर रोज घडत असूनही बहुतेक लोक वर बघत नाहीत. मादी किंवा दुसरा नर हद्दीत आला की नर समोर क्षणभर तरंगतो, मग सरळ वर चढत ३० मीटर किंवा त्याहून उंच जातो, इतका की ठिपका होतो. तिथून तो सूर मारतो. खाली मादीच्या अगदी जवळून वळण घेत वर उठतो, आणि त्या वळणावर एक कर्कश, स्फोटासारखा ‘चीक्!’ ऐकू येतो. मग पुन्हा वर. उन्हाच्या दिवशी हा सूर तो सूर्याच्या दिशेने तोंड राहील असा मारतो, म्हणजे समोरच्याला गळ्याचा आणि टाळूचा रंग पूर्ण भडकलेला दिसतो.

हा ‘चीक्’ घशातून येतो की पिसांतून, यावर जुना वाद होता. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ख्रिस्तोफर क्लार्क आणि टेरेसा फियो यांनी २००८ मध्ये तो निकाली काढला. त्यांनी नरांच्या शेपटीची सर्वांत बाहेरची पिसं काढली किंवा त्यांची कड छाटली, आणि ते नर सूर मारत राहिले पण आवाज बंद झाला. ती पिसं पुढे परत उगवली. मग त्याच पिसांवर वेगाने हवा सोडली तेव्हा प्रयोगशाळेत तोच आवाज निघाला, सुमारे ४ किलोहर्ट्झचा. सुराच्या तळाशी नर शेपटी एका निमिषासाठी फाकवतो आणि बाहेरच्या पिसाची आतली कड वाऱ्याने थरथरते. पुढच्या वर्षी क्लार्क यांनी वेगही मोजला. सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे शरीराची लांबी सुमारे ७ सेंटिमीटर धरली तर एका सेकंदात तिच्या ३८५ पट अंतर. शरीराच्या मानाने पाहिलं तर ससाण्याची झेपही याच्यापुढे कमी पडते. खालून वर वळताना त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ९ पट ताण येतो. एवढ्या ताणात प्रशिक्षित वैमानिकाचीही शुद्ध हरपू शकते.

सूर मारत नसेल तेव्हा नर गातो. उंच फांदीच्या टोकावर किंवा तारेवर बसून तो खरखर, चिरचिर असं काहीतरी लांबवत राहतो. कानाला ते गोड मुळीच नाही, पण ते शिकलेलं गाणं आहे. एकट्याने वाढवलेल्या नराचं गाणं सोपं आणि वेगळं राहतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. ऐकून आवाज शिकणारे पक्षी म्हणजे मुख्यतः गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड, एवढेच तीन गट. अमेरिकेतल्या बहुतेक हमिंगबर्ड नरांना असं लांबलचक गाणं नसतं, याला आहे. तुमच्याकडे सकाळी कोणीतरी गंजलेली बिजागरी हलवतंय असं वाटलं, तर आधी झाडाच्या शेंड्याकडे बघा.

एवढं सगळं करून नराचं काम तिथेच संपतं. घरटं, अंडी, पिलं हे सर्व एकटी मादी सांभाळते. घरटं अर्ध्या लिंबाच्या सालीएवढं, रुंदीला ४ सेंटिमीटरच्या आसपास. आत झाडांचा कापूस आणि बारीक पिसं, आणि ते सगळं बांधून ठेवलेलं कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी. ती चोचीने जाळं उचलते आणि घरट्याच्या कडेला हनुवटीने घासून चिकटवते, मग आत बसून अंग फिरवत वाटीला आकार देते. बाहेरून दगडफुलाचे तुकडे लावते. आपण गोडा मसाल्यात घालतो त्याच वर्गातली ही वनस्पतीसारखी बुरशी, इथे ओकच्या फांद्यांवर भरपूर असते. त्यामुळे घरटं फांदीची गाठ वाटतं. कोळ्याचे धागे ताणले जातात, म्हणून पिलं वाढतात तसं घरटंही रुंदावतं.

अंडी दोन, पांढरी, प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. उबवायला दोन ते अडीच आठवडे आणि पिलांना उडायला पुढे सुमारे तीन आठवडे लागतात. एका हंगामात मादी दोन-तीन वेळा वीण करते, त्यामुळे डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत कुठे ना कुठे घरटं चालूच असतं. पिलांना ती फुलांतला रस आणि किडे एकत्र, पोटातून परत काढून भरवते. तिची चोच पिलाच्या घशात जाताना पहिल्यांदा पाहिली की काळजाचा ठोका चुकतो, पण पिलाला काही होत नाही.

किड्यांचं जरा ठासून सांगतो. हमिंगबर्ड साखरेवर जगतो ही समजूत चुकीची आहे. साखर हे उडण्याचं इंधन, शरीर मात्र किड्यांवर बनतं. ॲनाज हमिंगबर्ड उडत्या चिलटांचा थवा फोडून खातो, पानांखालचे कोळी टिपतो, जाळ्यात अडकलेला किडाही पळवतो. सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्याने झाडाला पाडलेल्या भोकांतला गोड रस पितो आणि तिथे जमलेल्या माश्याही मटकावतो. म्हणून बागेत कीटकनाशक फवारून शेजारी फीडर टांगण्यात अर्थ नाही.

थंडीचं म्हणाल तर त्याच्याकडे उपाय आहे. पंख सेकंदाला ४० ते ५० वेळा हलवणाऱ्या, उडताना मिनिटाला हजारावर हृदयाचे ठोके पडणाऱ्या या जिवाला रात्रभर न खाता तसंच तापमान राखणं महाग पडतं. कडक थंडीत किंवा पोट अपुरं भरलं असेल तर तो रात्री ग्लानीत जातो. चाळीसच्या वर असलेलं शरीराचं तापमान खाली येत येत ९ अंश सेल्सिअसपर्यंतही उतरू शकतं, श्वास आणि ठोके अगदी मंदावतात. पहाटे थरथरून अंग तापवत वीसेक मिनिटांत तो पुन्हा शुद्धीवर येतो. पहाटे फांदीवर डोळे मिटून, पिसं फुगवून, चोच वर करून बसलेला हमिंगबर्ड दिसला तर तो मेला समजून हातात घेऊ नका, त्याला वेळ द्या. पावसाचंही तसंच. बर्कलीतल्याच एका अभ्यासात भिजलेले ॲनाज हमिंगबर्ड हवेत तरंगत असतानाच डोकं आणि अंग झटकून पाणी उडवताना वेगवान कॅमेऱ्यात टिपले आहेत.

नाव फ्रेंच आहे. पाओलो बोत्ता या निसर्ग-संग्राहकाने कॅलिफोर्नियातून नेलेल्या नमुन्यांवरून फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रने लेसों यांनी १८२९ मध्ये या जातीचं वर्णन केलं आणि रिव्होलीची डचेस ॲना मासेना हिचं नाव दिलं. तेव्हा आणि त्यानंतर शंभर वर्षं हा पक्षी मुख्यतः मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग आणि दक्षिण कॅलिफोर्निया इथेच वीण करत असे. आज तो ओरेगन, वॉशिंग्टन, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत आणि पूर्वेला ॲरिझोनात घरटी करतो. २०१७ मध्ये व्हँकुव्हरने त्याला शहराचा अधिकृत पक्षी म्हणून निवडलं. हे झालं माणसामुळे. सोन्याच्या शोधाच्या काळात ऑस्ट्रेलियातून आणलेला निलगिरी इथे सर्वत्र लावला गेला, आणि निलगिरी हिवाळ्यात फुलतो. मग वसाहती वाढल्या, बारा महिने फुलणाऱ्या बागा आल्या, फीडर आले. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रोजेक्ट फीडरवॉचमध्ये सामान्य लोकांनी केलेल्या नोंदी वापरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या पक्ष्याचा हिवाळी विस्तार शहरीकरण आणि फीडर यांच्याशी जोडलेला आढळला. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी तुलना करता फीडर वाढले तशा चोचीही अधिक लांब आणि निमुळत्या होत गेल्या, असंही अलीकडे दिसलं आहे. म्हणजे शेजाऱ्यांच्या शंकेत एक खरा धागा आहे. फीडरने एका पक्ष्याला अडकवलं नाही, पण त्याच्या जातीला उत्तरेकडे सरकायला नक्कीच हात दिला. सनीव्हेलसारख्या ठिकाणी मात्र आज तो फीडरशिवायही आरामात जगतो.

उन्हाळ्यात मात्र हे थोडे हलतात. वीण संपली की काही पक्षी सिएरा नेवाडाच्या उंच कुरणांकडे फुलांमागे जातात, काही ॲरिझोनाकडे. जून-जुलैत फीडर सुना वाटला तर घाबरू नका. आणि फेब्रुवारीच्या सुमारास तांबूस-केशरी अंगाचा, आणखी चिमुकला, पंखांचा धातूसारखा आवाज करणारा पक्षी आला तर तो बहुधा ॲलन्स हमिंगबर्ड. तो किनाऱ्याने मेक्सिकोहून परत येतो आणि तुमच्या ॲनाज नराशी दिवसभर भांडतो. आकाराने लहान असूनही बऱ्याचदा तोच जिंकतो.

आईंच्या शिंजिराबद्दल. त्यांचं निरीक्षण योग्य आहे, नातं तेवढं वेगळं. शिंजीर आणि हमिंगबर्ड दोघेही फुलातला मध पितात, दोघांचे नर चकाकतात, पण हे स्वतंत्रपणे घडलेलं साम्य आहे. शिंजीर गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटातला, चिमणी-बुलबुलाच्या बाजूचा. हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा. शिंजिराची चोच खाली वाकलेली असते आणि तो शक्यतो फुलाच्या देठावर बसून पितो, क्वचित थोडा वेळ पंख फडफडवत तरंगतो. हमिंगबर्डचा पंख खांद्यात असा वळतो की वर जाणाऱ्या फटक्यातही त्याला उचल मिळते, म्हणून तो स्थिर तरंगतो आणि मागेही उडतो. आजचे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, साडेतीनशेच्या वर जाती. गंमत म्हणजे जर्मनीत त्यांच्या पूर्वजांसारखे ३ कोटी वर्षांहून जुने जीवाश्म सापडले आहेत. भारतात मात्र एकही नाही. दरवर्षी कुणीतरी सातारा-कोल्हापूरकडून ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड’ म्हणून व्हिडिओ पाठवतं. घाणेरीच्या फुलांवर तरंगणारा तो हॉकमॉथ जातीचा पतंग असतो, नीट पाहिलं तर मिशा आणि गुंडाळणारी सोंड दिसते.

आता फीडर. साधी पांढरी साखर एक भाग, पाणी चार भाग, बस. साखर विरघळेपर्यंत ढवळा, गरम केलंत तर पूर्ण थंड करूनच भरा. गूळ नको, ब्राऊन शुगर नको, कारण त्यातलं लोह या पक्ष्यांना घातक ठरतं. मध तर अजिबात नको, पाण्यात घातलेला मध लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. आपल्या घरांत ‘गूळ पौष्टिक’ म्हणून प्रेमाने घातला जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. पक्ष्यासाठी तो पौष्टिक नाही. लाल रंगही घालू नका, फीडरवरचा लाल भाग पुरतो. उन्हाळ्यात दोन दिवसांनी, या थंडीत चार-पाच दिवसांनी गरम पाणी आणि ब्रशने फीडर घासून पाणी बदला, गढूळ दिसलं तर लगेच. फीडर काचेच्या खिडकीपासून एकतर तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे धडकण्याइतका वेगच येणार नाही, नाहीतर बराच लांब. मांजर बाहेर सोडत असाल तर फीडर लावूच नका. उन्हाळ्याच्या शेवटी फीडरवर मोठा प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर उचलून दूर झाडीत ठेवा, तो हमिंगबर्ड पकडतो.

पुण्याला निघताना फीडर धुऊन आत ठेवा, किंवा पाणी बदलण्याची खात्री असलेल्या शेजाऱ्याला सांगा. महिनाभर लटकत राहिलेलं आंबलेलं साखरपाणी हे रिकाम्या फीडरपेक्षा वाईट. तुमचा नर दिवसभरात अनेक फुलं आणि कितीतरी बागा फिरतो, तुमचा फीडर त्यातली एक जागा आहे.

त्याहून मोठी गोष्ट झाडांच्या छाटणीची आहे. घरी नसताना माळ्याला ‘जानेवारीत सगळं छाटून टाक’ असं सांगून लोक निघतात, आणि आमच्या केंद्रात जानेवारी ते एप्रिल घरट्यासकट तुटलेल्या फांद्या येतात. लिंबाचं झाड, कॅमेलिया, दारावरची वेल, अंगणातल्या दिव्यांची माळ, कुठेही घरटं असू शकतं. अंडी किंवा पिलं असलेलं घरटं हलवणं किंवा मोडणं १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टनुसार बेकायदा आहे, आणि पक्षी स्थलांतर करत नसला तरी तो कायदा याला लागू होतो. मोठी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरका. आता करायचीच असेल तर आधी झाडाखाली अर्धा तास शांत उभं राहून पाहा. मादी एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येत असेल तर ती फांदी दोन महिने तशीच राहू द्या. घरटं पडलेलं मिळालं आणि पिलं जिवंत असतील तर त्यांना साखरपाणी पाजू नका, ते पिसांना चिकटतं आणि त्यात प्रथिनं नसतात. घरट्यासकट छोट्या डब्यात ठेवून ऊब द्या आणि तुमच्या काउंटीच्या वन्यजीव केंद्राला ताबडतोब फोन करा. पिलांना दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी खाणं लागतं, त्यामुळे उद्यावर ढकलू नका.